घरी काय करता?

दवाखान्यातल्या कागदावर नाव, वय, वजन झालं की ‘व्यवसाय’ असा रकाना येतो. तिथे मी ‘सेवानिवृत्त शिक्षिका’ लिहायचे, आणि ते वाचून समोरचे डॉक्टर खडूबद्दल विचारायचे. किती वर्षं शिकवलं, वर्ग बंदिस्त होता का, भुकटी नाकातोंडात जायची का. खडूनं माझ्या साड्यांचे पदर खराब केले हे खरं. पण शाळा सुटून इतकी वर्षं झाल्यावर तो आता छातीत कशाला येऊन बसेल, हे मला पटत नव्हतं. डॉक्टरांनाही फारसं पटत नसावं. विचारायचं म्हणून विचारत, लिहून घेत आणि पान उलटत.

त्रास काय होतो हे सांगणं मला सोपं वाटलं होतं. दम लागतो. झालं. पण हे वाक्य इतकं पसरट आहे की त्याखाली अर्धं वैद्यकशास्त्र मावतं. हृदय थकलं तरी दम लागतो, रक्त कमी असलं तरी लागतो, थायरॉइड बिघडलं, वजन वाढलं, मन घाबरलं, तरी तेच. माझ्या बाबतीत सोबत कोरडा खोकला होता, आणि तो बोलायला लागलं की यायचा. आयुष्यभर पन्नास पोरांवर आवाज चढवलेल्या बाईला फोनवर एक वाक्य सलग पुरं करता येईना. वेणी घालताना हात वर धरले की थांबावं लागायचं. आमच्या नागपुरात बर्डीवरच्या दुकानाचा जिना चढून गेले की साडी बघायच्या आधी खुर्ची मागायची. काही संध्याकाळी अंग मोडून यायचं, ताप आहे की नाही कळू नये इतपत. सकाळी पुन्हा ठीक.

डॉक्टरांच्या आधी नातेवाइकांनी निदानं केली. दिरांच्या मते ही कोराडीच्या वीजकेंद्रातल्या राखेची कृपा. जावेच्या मते करोनाचं उरलंसुरलं. मैत्रीण म्हणाली, “तू टेन्शन घेऊन राहिली, दुसरं काही नाही.” आमच्या ह्यांचं मत ठाम होतं की मी चालत नाही. मी चालत नव्हते हे बरोबर, पण ते का, हा प्रश्न त्यांनी उलट्या टोकाकडून धरला होता.

फॅमिली डॉक्टरांनी आधी खोकल्याचं औषध दिलं, मग एक्स-रे काढला. ‘क्लिअर’ आला. ईसीजी चांगला. टू-डी इको चांगला. हिमोग्लोबिन, थायरॉइड चांगलं. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात होताच. तो बोटाला लावून खुर्चीत बसलं की 97 दाखवायचा, आणि तो आकडा बघून सगळ्यांचे चेहरे निवांत व्हायचे. रिपोर्ट चांगला आला की माणसाला आनंद व्हायला हवा. मला राग यायचा. आपलं खोटं पकडलं गेल्यासारखं वाटायचं, खोटं काही नसताना.

मग दमा ठरला. पंप सुरू झाला. दिरांनी लगेच सांगितलं की पंपाची सवय लागते. पंपाबद्दलची ही अढी आपल्याकडे इतकी घट्ट आहे की खऱ्या दमेकऱ्यांचे त्यापायी हाल होतात, त्यामुळे दिरांचं न ऐकता मी तो मन लावून ओढला. फरक पडला तो आशेपुरता. मग ॲसिडिटी वर येत असेल म्हणून गोळ्या झाल्या. मग पुढच्या एक्स-रेत खाली किंचित पांढुरकं दिसलं आणि क्षयाचं नाव निघालं. थुंकी तपासायला हवी, पण कोरड्या खोकल्याला थुंकी आणायची कुठून? कशीबशी दिली. सीबीनॅट, म्हणजे थुंकीतली क्षयाची तपासणी, निगेटिव्ह आली. तरीही एका डॉक्टरांचं म्हणणं पडलं की क्षयाची औषधं सुरू करून बघू. दुसरे म्हणाले, पुराव्याशिवाय नको. आज मागे वळून बघताना मला पहिल्यांचाही राग येत नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. अशा देशात छातीच्या फोटोतल्या सावलीला पहिलं नाव क्षयाचं मिळणारच. जे जास्त आढळतं ते आधी धरायचं, हा क्रम चुकीचा म्हणता येत नाही. फक्त त्या क्रमात जे खाली असतात त्यांचे ऋतू निघून जातात.

ऋतू हा शब्द मी सहज वापरला नाही. दमेकऱ्यांचं आभाळ भरून आलं की बिनसतं, थंडी पडली की बिनसतं, हे मी लहानपणापासून घरात बघितलेलं. माझं उलटं चाललं होतं. होळीनंतर हळूहळू वाढायचं, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, अगदी वाईट आणि पाऊस स्थिरावला की उतरायचं. मे महिन्यात लेकीकडे पुण्याला गेले तर आठवड्याभरात माणसात यायचे. एकदा तर पर्वती चढले, बसत उठत का होईना, पण वर पोचले आणि तिथून ह्यांना फोन केला. पलीकडे शांतता. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण त्या आनंदात एक हिशेब अडकला होता: ही तिकडे बरी होते, म्हणजे इकडे आजारी कशानं होते? नागपूरला परतल्यावर दोनतीन रात्रींत खोकला परत.

या हिशेबाचं उत्तर सगळ्यांनी एकच काढलं. घरी ताण असणार. एका डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बसायला सांगून मला हळू आवाजात विचारलं, “घरी सगळं बरं आहे ना?” मी म्हटलं, घरी आम्ही दोघंच, भांडण झालंच तर टीव्हीच्या आवाजावरून. त्यांनी समजुतीनं मान हलवली आणि झोपेची हलकी गोळी लिहून दिली. बाहेर आल्यावर हे म्हणाले, “काय विचारून राहिले होते?” मी म्हटलं, तुमच्याबद्दल. आता त्यावर आम्ही हसतो. तेव्हा ते दोन दिवस जेवताना गप्प होते.

गंमत अशी की त्या डॉक्टरांचा प्रश्न बरोबर जागी पोचला होता. घरीच काहीतरी बरं नव्हतं. फक्त ते माणसांत शोधलं गेलं.

धंतोलीत एका फुफ्फुसतज्ज्ञ बाईंकडे जाईपर्यंत माझी फाइल चांगलीच जाड झाली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली. आधी पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला, अगदी खाली, बरगड्या संपतात तिथे, आणि बराच वेळ ऐकलं. मग नखं बघितली. मग ऑक्सिमीटर बोटाला लावून मला व्हरांड्यात चालायला लावलं, सहा मिनिटं, जमेल तितक्या जोरात. बसल्या जागी 97 असणारा आकडा चालता चालता 88 वर आला. इतके दिवस सगळ्यांनी मला खुर्चीत बसवून मोजलं होतं, आणि माझी तक्रार खुर्चीतून उठल्यावरची होती.

मग फुंकायची तपासणी, स्पायरोमेट्री. ही आधी एकदा झाली होती, पण नीट फुंकलं नाही म्हणून निकाल ‘अनिश्चित’ होता. या वेळी तिथल्या मुलीनं माझ्याकडून ती करून घेतली ती कबड्डीच्या प्रशिक्षकासारखी: “फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका काकू!” फुफ्फुसाची हवा अशी मोजायची पद्धत जॉन हचिन्सन या इंग्लिश डॉक्टरनं 1846 मध्ये मांडली, 2000 हून जास्त माणसांना फुंकायला लावून. तत्त्व अजून तेच. दम्यात वाट अरुंद असते, त्यामुळे पहिल्या सेकंदात हवा कमी बाहेर येते. माझी हवा पहिल्या सेकंदात भरभर आली होती, पण एकूणच कमी होती. म्हणजे वाट मोकळी, साठवणच आखडलेली. पंप वाट रुंद करतो, साठवण वाढवत नाही. इतके महिने तो मला का पावला नाही, हे त्या एका आलेखानं सांगितलं.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. “काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलं, सांगा. क्षुल्लक म्हणून काही गाळू नका.”

मी म्हटलं, काही विशेष नाही, घरीच असते.

“तेच सांगा. घरी काय करता?”

सांगत गेले. चहा, पेपर, देवपूजा, तुळशीला पाणी, भाजी निवडणं, दुपारची झोप. संध्याकाळी कूलर भरला. त्या म्हणाल्या, थांबा. कूलर कोण भरतं? मीच. पाणी रोज बदलता की वरून भर घालता? वरून भर. ताट्या कधीच्या? मागच्या उन्हाळ्याच्या, किंवा त्याच्याही मागच्या. वास येतो? थोडा, ओल्या गवतासारखा. झोपताना डोकं कुणीकडे? कूलरकडे, वारं तिथेच चांगलं लागतं. साफ कोण करतं? मीच. कशी? मार्चमध्ये माळ्यावरून काढते, ताट्या अंगणात आपटते, ब्रशनं झाडते.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी इथे थांबायला हवं, कारण कूलर हे आमच्याकडे यंत्र नाही, घरातलं माणूस आहे. पुण्याची माणसं उन्हाळ्यात आंब्याबद्दल बोलतात, आम्ही कूलरबद्दल. पारा 45 च्या वर जातो तेव्हा पंखा गरम हवाच फिरवत बसतो. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, एवढ्या साध्या तत्त्वावर पत्र्याचा डबा, तीन बाजूंना पाणी धरून ठेवणाऱ्या ताट्या, आत पंखा आणि पाणी वर चढवणारा छोटा पंप. मुंबईच्या दमट हवेत याचा काही उपयोग नाही, म्हणून तिकडच्या पाहुण्यांना त्याचं अप्रूप. होळी झाली की इतवारीत, सक्करदऱ्यात दुकानांबाहेर ताट्यांचे ढीग लागतात. वाळ्याच्या महाग, लाकडाच्या किसाच्या स्वस्त. पहिल्या संध्याकाळी नव्या ताटीवरून पाणी ओघळलं की जो वास सुटतो, त्यासाठी आम्ही बाकीचा उन्हाळा माफ करतो. पण ताटी दरवर्षी नवी कोण घेतं? “अजून एक सीझन निघते” हे प्रत्येक घरातलं वाक्य. पाणी जड, त्यामुळे ताटीवर क्षाराचे पांढरे थर चढतात. तळाशी शेवाळ धरतं, पंपाच्या जाळीत काळपट बुळबुळीत काहीतरी अडकतं, ते बोटानं काढायचं. सीझन संपला की तसाच वाळवून माळ्यावर. आठ महिने त्या ताटीत काय काय वस्तीला येत असेल याचा विचार करायचं कारणच काय? वास येतो, थंडावा मिळतो, झोप लागते.

त्या वस्तीत बुरशी असते, ओल्या उष्ण कुजव्यात वाढणारे सूक्ष्म जीवाणू असतात. कूलर त्यांचे कण पाण्याच्या बारीक तुषारांसोबत रात्रभर तोंडावर सोडतो. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. काहींच्या शरीराची संरक्षणव्यवस्था मात्र त्या कणांना शत्रू ठरवते आणि फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांत लढाई मांडते. कण निरुपद्रवी, लढाई मात्र खरी. सूज येते, ओसरते, पुन्हा येते, आणि वर्षानुवर्षं चाललं की तिथे व्रण धरतात. याचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. संसर्ग नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही, साधी ॲलर्जीही नाही. कबुतरांच्या विष्ठेतून आणि पिसांतून होतो तो याचाच एक प्रकार. 2025 च्या पावसाळ्यात मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि भांडण पेटलं, तेव्हा हे नाव मराठी वाहिन्यांवरून फिरलं. पण त्याचे जुने अवतार शेतातले आहेत. ओल्या गवताच्या गंजीतून युरोपातल्या शेतकऱ्यांना व्हायचा. उसाच्या कुजलेल्या चिपाडातून होतो त्याला बगॅसोसिस म्हणतात. साखर कारखान्यांच्या आपल्या राज्यात हे नाव इतकं अनोळखी का, याचं मला नवल वाटतं.

भारतापुरती एक नोंद मी पुढे मुद्दाम वाचून काढली. जयपूरच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं 19 शहरांतल्या 27 केंद्रांनी फुफ्फुसाच्या अशा व्रणकारी आजारांच्या 1084 रुग्णांचा अभ्यास केला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत मोठा गट याच आजाराचा निघाला, 47.3 टक्के. आणि त्या गटातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचा संबंध कूलरशी आलेला. जयपूरकरांना हे सुचावं यात आश्चर्य नाही, त्यांचाही उन्हाळा आमच्यासारखाच. मात्र चंडीगडच्या एका रुग्णालयाच्या नोंदीत चित्र वेगळं आहे, तिथे सार्कॉइडोसिस हा दुसराच आजार सर्वांत पुढे आणि हा आजार बराच मागे. म्हणजे कोण बघतो आणि काय विचारतो, यावर निदानाचा आकडाही हलतो. मला दोन्ही खरे वाटतात.

विचारण्यावरून आठवलं. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्यानं 1700 मध्ये कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. रोग्याला जे प्रश्न विचारायचे ते प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसपासून ठरलेले होते. त्यांत यानं एकाची भर घातली: तुम्ही काम काय करता? तोच प्रश्न तीनशे वर्षं उतरत उतरत दवाखान्याच्या कागदावरचा रकाना झाला, आणि रकान्यात पगाराचं तेवढंच काम मावतं. मी चाळीस मिनिटांच्या तासिका घेतल्या ते काम. घरी ताट्या झाडल्या, जाळ्या काढल्या, माळा साफ केला, पावसाळ्यात भिंतीची ओल खरवडली, गव्हाची पोती उपसली, ते ‘घरीच असते’. आमच्याकडे बायका हे इतक्या सवयीनं म्हणतात की डॉक्टरही लिहून मोकळे होतात. डॉक्टर बाईंनी तो शब्द उलगडून घेतला नसता तर माझ्या फाइलीत खडूच राहिला असता.

पुढचं पटकन सांगते. एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन झाला, श्वास भरून एकदा आणि सोडून एकदा. सोडल्यावरही काही भागात हवा अडकून राहिलेली, त्यामुळे काळ्या-करड्या ठिगळांचं चित्र. दुर्बिणीनं फुफ्फुसात खारं पाणी सोडून परत ओढलं, त्यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी फार निघाल्या. छातीचे डॉक्टर, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसले आणि त्यांनी नाव नक्की केलं. नक्की म्हणजे ‘बऱ्याच खात्रीनं’. या आजारात शंभर टक्के असा शिक्का बसत नाही, आणि बऱ्याच रुग्णांत तर कारण सापडतच नाही. बाईंनी हे स्पष्ट सांगितलं याचं मला बरं वाटलं. क्षय, दमा, ताण ही नावं मला याहून कितीतरी ठामपणे मिळाली होती.

उपचारातला पहिला उपचार म्हणजे कूलर बंद. नुसता बेडरूममधला नाही, घरातलाच. मग स्टेरॉइड, ज्यानं चेहरा फुगला, साखर चढली आणि रात्री दोन वाजता मी स्वयंपाकघरात चिवडा खाताना सापडू लागले. पुढे डोस उतरवत आणला. सूज होती ती बरीचशी गेली. व्रण झाले होते ते राहिले, ते जात नाहीत. ते वाढत नाहीत ना, हे बघायला अधूनमधून फुंकून यावं लागतं. फोनवर आता वाक्य पुरं होतं. बर्डीचा जिना मधे एकदा थांबून चढते.

आमच्या ह्यांचा एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. “त्याच खोलीत, त्याच कूलरसमोर मी पण झोपलो. मले कसं काही झालं नाही?” बाईंनी सांगितलं की एकाच घरात एकाला होतो आणि दुसऱ्याला नाही, यात शरीराच्या घडणीचा भाग असावा. ह्यांनी ते स्वतःच्या प्रकृतीचं प्रशस्तिपत्र म्हणून घेतलं. आता एसी आहे. बिल आलं की ते माझ्याकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे.

राहिला तो पत्र्याचा डबा. अंगणात ताडपत्री टाकून ठेवला होता. कामाला येणाऱ्या मावशींनी विचारलं, “बाई, वापरून नाही राहिले तर मी नेऊ का?” त्यांचं घर टिनाचं. मे महिन्यात दुपारी त्या घरात बसणं म्हणजे काय, हे मी बघितलेलं आहे. उष्माघातानं माणसं मरतात, दरवर्षी, आमच्याच भागात. माझा आजार कूलर वापरणाऱ्यांतल्या अगदी थोड्यांना होतो. नाही म्हणायला तोंड उचलेना, आणि हो म्हणताना छातीवर दडपण आलं. डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ताट्या नव्या घाला, दर उन्हाळ्याला बदला, टाकी वरचेवर पूर्ण रिकामी करून घासा आणि सुकू द्या, साफ करताना तोंडाला मास्क.

नव्या ताट्या आणून बसवून दिल्या, सगळं नीट समजावलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बाई, आमच्याकडे नळच येते एक दिवसाआड. भरलेलं पानी फेकून कसं द्यू?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाकीतलं पाणी फेकायचं नाही, अंगण आणि मोरी धुवायला वापरायचं, एवढा तोडगा आम्ही दोघींनी मिळून काढला. खोकला लागला तर औषधाच्या दुकानात न जाता आधी मला सांगायचं, हेही ठरलं. कूलर ऑटोत आडवा घालून गेला. पाऊस लागेपर्यंत मी त्यांना रोज खोकल्याचं विचारत होते, आणि त्या वैतागून म्हणायच्या, “नाही हो बाई, काही नाही.”